डायनासोरची टोपी

हुबळीच्या विद्यानगरातल्या मेधाअक्का शाळेतून निवृत्त झाल्यावर हौसेने लोकरीचं विणत. दोन हजार तीन साली त्यांच्या छोट्या नातीच्या, वेदश्रीच्या, डोक्याचं ऑपरेशन झालं. केस गेल्यामुळे ती कुणाला तोंड दाखवेना. “डायनासोरची टोपी दे, मगच,” एवढंच म्हणे.

अक्कांनी केशरी लोकरीत हिरवा डायनासोर विणला. पण काळजीने हात आखडलेले. नक्षीसाठी टोपीच्या आतल्या बाजूने नेलेले हिरवे धागे आवळले गेले आणि टोपी ताणेचना. जखमेचे टाके दुखावले तर? त्यांनी सगळी टोपी उसवली आणि धागे सैल सोडत पुन्हा विणली.

दवाखान्यात अक्कांनी ती वेदश्रीच्या डोक्यावर हलकेच चढवली. “दुखतंय का गं?”

वेदश्रीने टोपीवरून हात फिरवला. “नाही अज्जी. आरसा दे.”

अक्कांनी पिशवीतून आरसा काढून तिच्यासमोर धरला.