पुरात गेलेली गोधडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही दाभोळला जाऊन सांगणार नाही, म्हणून असेल.

मुंबईतल्या एका मोठ्या फॅशन हाउसची मी क्रिएटिव्ह डायरेक्टर. नाव भारदस्त, काम बोट दाखवायचं. हे हवं, ते नको. कपड्यापेक्षा त्यामागची गोष्ट महाग विकली जाते, हे मला फार लवकर कळलं. कोकणातली मी — गोष्टींना काय तोटा?

त्या वर्षी शोच्या शेवटी काय आणावं ते सुचत नव्हतं. दाभोळला भावाकडे गेले, तर वहिनीच्या खाटेवर गोधडी. तिची आई नुकतीच गेली होती. आईची लुगडी जोडून तिनं ती येणाऱ्या बाळासाठी शिवली होती. आमच्याकडे बाळ पहिल्यांदा निजतं ते आजीच्या लुगड्यात. मी म्हटलं, कारागिरांना टाके दाखवते, बाळंतपणाआधी परत पाठवते. तिनं लगेच घडी करून दिली.

खरंच दाखवायला नेली होती का? — नाही. घडी हातात घेतानाच मला तिचा कोट दिसत होता.

कापायला माझ्याकडे मास्तर आहेत. त्या दिवशी कात्री मीच धरली. मग कोट गर्द निळ्या रंगात बुडवून घेतला — वहिनीनं कुठं फोटो पाहिला तरी आईची लुगडी ओळखू येऊ नयेत म्हणून. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मुलाखतीत मी म्हणाले, ही माझ्या आईच्या हातची गोधडी. माझ्या आईनं जन्मात सुईत दोरा ओवला नाही. तिचं सगळं सोलापुरी चादरीवर भागलं. कोट परदेशी विकला गेला.

वहिनीचे दिवस भरत आले आणि चिपळुणात पूर आला. माझ्यासाठी देवासारखा धावून आला. मी फोन केला — पार्सल तिथल्या गोदामात होतं, वाहून गेलं. वहिनी म्हणाली, "असूंदे हो वन्सं. लोकांचे संसार गेले तिथं. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

बाळ बाजारच्या दुपट्यात निजलं.

यंदा आंब्याच्या पेटीबरोबर ऑफिसात एक गोधडी आली. वहिनीनं स्वतःच्या लग्नाच्या साडीची शिवलेली, माझ्यासाठी. मला त्या गोधडीची चुटपुट लागून राहिली असेल, म्हणून. सगळे भोवती जमले, टाक्यांवरून हात फिरवू लागले. कुणीतरी विचारलं, पुढच्या शोला घ्यायची का?

मी अजून नाही म्हटलेलं नाही.