पाठवणीची चाल

गोष्टी कशा सुचतात, असे लोक विचारतात. माझ्या पहिल्या गोष्टी शेजारच्या बँडमुळे सुचल्या, असे मी सांगतो आणि लोक हसतात. मी विनोद करत नाही. मला विनोद करता येत असता तर पुढची सगळी भानगड झालीच नसती.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी साताऱ्यात शाळामास्तर होतो आणि एका पेठेत माडीवर भाड्याने राहत होतो. खोली चांगली होती. एवढी चांगली खोली आपल्याला कशी मिळाली, याचे उत्तर पहिल्याच संध्याकाळी मिळाले. खाली, भिंतीला लागून पत्र्याची शेड होती आणि तिच्यात लग्नाच्या बँडची तालीम चाले.

बँड एका पेन्शनर मुसलमान गृहस्थांचा होता. पलटणीच्या बँडमध्ये सारी नोकरी काढून ते घरी आले होते. ताठ कणा, मेंदी लावलेल्या मिशा, आणि बोलणे हुकूम दिल्यासारखे. त्यांच्या हाताखाली क्लॅरनेटला एक न्हावी, मोठ्या ढोलाला एक कल्हईवाला आणि बाकी दोन-चार जण कोणी माळी, कोणी शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मला गुरुजी म्हणत. एका गल्लीत दोन मास्तर नकोत, एवढाच विचार.

मी तक्रार करायला खाली गेलो. मास्तरांनी स्टुलावर बसवले, चहा पाजला आणि म्हणाले, "गुरुजी, तुमी पोरांकडनं पाडे म्हनून घेता, तवा आमी कवा वरडाय आलो का?" मी वर आलो आणि रागारागाने कागद ओढला. त्या रागात पहिली गोष्ट लिहून झाली.

मग रोजच तसे होऊ लागले. बँड सुरू झाला की लेखणी चाले, बँड थांबला की थांबे. ईदला तालीम बंद असे, त्या दिवशी मी नुसता शाईची दौत हलवत बसलेला असे. मोठे लेखक निसर्गातून स्फूर्ती घेतात म्हणे. मला निसर्गात चारी बाजूंनी फक्त शेळ्या ऐकू येत.

इथे तालमीचा क्रम सांगितला पाहिजे, कारण सगळे घोडे तिथेच पेंड खाते. मास्तर तालीम लग्नाच्या क्रमाने घेत. आधी वऱ्हाड गावात शिरते त्याची दणकेबाज चाल. मग अक्षता पडल्यावरचा कल्लोळ. मग पंगतीला वाजवायचे हळू नाट्यपद. आणि शेवटी पाठवणीची चाल. मुलगी सासरी निघाली की वाजवायची. ही चाल फार संथ होती. ढोलावर एक थाप पडे. मग दुसरी पडते की नाही अशी शंका येईपर्यंत काहीच नाही. मग दुसरी. आणि त्या दोन थापांच्या मधून क्लॅरनेट कुणाला तरी हात धरून हळूहळू न्यावे तशी जाई.

माझी गोष्ट याच वाटेने चाले. वऱ्हाडाच्या चालीवर नायक गावात येई. कल्लोळात त्याचे कुणाशी तरी भांडण होई. नाट्यपदावर नायिकेशी चार शब्द बोलणे होई. आणि पाठवणीची चाल लागली की नायिका मरे. मी ठरवून मारत नसे. एक विहिरीत गेली, एक बाळंतपणात, एक पटकीने. एकीला तर मरायला काहीच कारण नव्हते, ती दारात उभी होती, पण ढोलाची थाप पडली आणि माझा इलाज चालेना.

सांगलीच्या एका मासिकाचे संपादक हे सगळे छापत. वाचक रडतात, असे त्यांनी कळवले. मला त्याचा अभिमान वाटे. आपण दुःखाचे जाणकार आहोत अशी माझी समजूत झाली होती, आणि मी एक शाल घ्यायला लागलो होतो.

माझी आई सांगलीकडच्या आमच्या गावी होती. तिने मामांना हाताशी धरून स्थळे बघायला सुरुवात केली. कोरेगावच्या अंगाला एक ऊस पिकवणारे बागायतदार घर होते. मुलगी सातवी झालेली, रंगाने सावळी, हुशार. त्या घरचा थोरला मुलगा लढाईत, इटलीत पडला होता. सरकारची तार आली होती, एवढेच. त्याला जाळला की पुरला, शेवटी जवळ कोण होते, यातले काही घरच्यांना कळले नव्हते. मामांनी हे मला वाटेत सांगितले आणि म्हणाले, त्या घरात तो विषय काढू नको. मी कशाला काढतो?

मुलगी बघितली. मला ती फार आवडली, सरळच सांगतो. तिने पोह्यांची ताटली ठेवताना एकदाच वर बघितले, आणि त्या बघण्यात दया होती की हसू होते, हे मला कळेना. ते कळेपर्यंत इथून उठायचे नाही, असे मी मनात ठरवले.

तिच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. पोहे संपले तसे आबा म्हणाले, "गुरुजी, तुमी गोष्टी लिव्हता म्हनं."

मी शाल सारखी केली. "हो, थोड्याफार."

"आमच्या पोरीनं वाचून दावल्या मला. साळंच्या मास्तराच्या बायकूकडनं आनल्या हुत्या." त्यांनी रिकामी ताटली बाजूला सारली. "जेवढ्या वाचल्या, तेवढ्या समद्यांत बाई मेली."

मामा घाईने म्हणाले, "अहो, ते काल्पनिक असतं."

"आसंल. पर ज्याच्या डोस्क्यात इतक्या बाया मरत्यात, त्येच्या घरात माजी पोरगी कशी द्यावी?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी बँडचे कारण सांगायला तोंड उघडले आणि मिटले. शेजारी बाजा वाजतो म्हणून बायका मरतात, असे सांगणाऱ्याला तर कुणीच मुलगी देणार नाही. तेवढ्यात दाराआडून आवाज आला, "आबा, त्यास्नी म्हनावं, येक तर जिती ठिवा."

म्हणजे ते हसूच होते. मला हायसे वाटले आणि घामही फुटला.

आबा हसले नाहीत. ते म्हणाले, "खरं हाय. येक गोष्ट लिवा, गुरुजी. समदी घरला येत्यात आशी. वाचून बगतो, मंग बोलू."

आता एक माणूस जिवंत ठेवणे काही अवघड नाही, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले. मी साताऱ्याला आलो, त्याच संध्याकाळी बसलो, आणि त्याच संध्याकाळी ती मेली. दुसऱ्या दिवशी कानात कापूस घातला, तर नायक गावात शिरेचना, वेशीबाहेरच बसून राहिला. किल्ल्याच्या पायथ्याशी जाऊन बसलो. शेळ्या. नायिका वाचवून बघितली तर तिची सासू गेली, सासू वाचवली तर बैल मेला. बैलही चालणार नाही, असा माझा अंदाज होता.

तिकडे मामांचा निरोप आला की त्या घरी रहिमतपूरचे दुसरे स्थळ येऊन गेले, मुलगा काही लिहीत नाही. मी शाल काढून ठेवली आणि खाली मास्तरांकडे गेलो.

"मास्तर, महिनाभर तालमीचा क्रम बदलता येईल का? पाठवणी आधी घ्या, वऱ्हाड शेवटी."

मास्तर आपला कॉर्नेटचा कर्णा पुसत होते. ते म्हणाले, "आदी पाठवनी आन मंग लगीन? लोकं जोड्यानं हानतील, गुरुजी."

"मग ती शेवटची चाल तरी गाळा."

"ती कशी गाळायची? मानूस निघालं की वाजवायची चाल हाय ती. न वाजवता कुनाला लावून देऊ ने."

"ही शिकलात कुठे?"

"पलटनीत."

"पलटणीत लग्नं होत असत?"

"न्हाई," मास्तर म्हणाले, आणि पुढे पुसत राहिले. मला माझीच घाई होती, मी पुढे काही विचारले नाही.

शेवटी जे सुचले ते इतके सोपे होते की सांगायला लाज वाटते. नाट्यपद संपत आले की मी लेखणी ठेवायची, जोडे घालायचे आणि राजवाड्यापर्यंत चालत जाऊन यायचे. पाठवणी ऐकायचीच नाही. अशा रीतीने माझी गोष्ट पंगतीपाशी थांबली. परगावी गेलेली सगळी माणसे घरी येतात, पाय धुतात आणि जेवायला बसतात. संपली गोष्ट. संपादकांनी कळवले की कथा अर्धवट वाटते, परंतु जागा असल्यामुळे छापत आहोत.

मामांनी अंक कोरेगावला पोचवला. मुलीने ती गोष्ट वडिलांना वाचून दाखवली. आबांनी ती पुन्हा वाचायला लावली, असे मागाहून समजले. मग त्यांचा निरोप आला: "ही बरी हाय. समदी जेवाय बसली." आणि लग्न ठरले.

नवऱ्याकडचा बँड म्हणून मास्तरच आले. दुसऱ्या कुणाला सांगितले असते तर त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले असते. वऱ्हाडाची चाल झाली, अक्षता पडल्या, कल्लोळ झाला, पंगती उठल्या. नाट्यपद संपत आले तेव्हा माझे पाय सवयीने जोडे शोधू लागले. पण उपरण्याची गाठ बायकोच्या शालूला बांधलेली होती. नवरदेवाला राजवाड्यापर्यंत चालत जाऊन येता येत नाही.

दारात बैलगाडी लागली. बायका मुलीच्या गळ्यात पडून रडत होत्या. मास्तरांनी मान हलवली आणि ढोलावर थाप पडली.

साताऱ्यात मास्तरांची गिऱ्हाइके बहुतेक पेठेतली व्यापारी मंडळी असत. ती ही चाल ऐकून डोळे पुसत आणि वा म्हणत. या गावात मात्र दर दुसऱ्या घरात पलटणीचा एक पेन्शनर होता. त्यांतले पाच-सहा जण मांडवाच्या कडेला बाजेवर पान खात बसले होते. पहिल्या थापेला एक म्हातारा उठून उभा राहिला. दुसऱ्या थापेला बाकीचे उठले. हात दोन्ही बाजूंना सरळ, टाचा जुळलेल्या, नजर समोर. एकाच्या तोंडात पान तसेच होते, तो चावत नव्हता. मांडवात हळूहळू सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले. रडणाऱ्या बायकाही रडायच्या थांबल्या.

चाल संपली. आबा मास्तरांसमोर जाऊन उभे राहिले. "मास्तर, ह्ये काय वाजिवलं?"

मास्तर पेन्शनरांकडे बघत होते. खोटे बोलायला वाव होता, पण त्यांनी तो घेतला नाही. "जवान गेला की त्येला पोचवताना वाजिवत्यात, आबा. पलटनीत."

माझ्या आईने तोंडाला पदर लावला. मुलीची एक आत्या मोठ्याने "अपशकुन" म्हणाली. मी गाठीकडे बघितले. आता ही गाठ इथेच सुटते, असे मला वाटले. ज्या माणसाने मेलेल्या बायकांच्या गोष्टींवरून मुलगी नाकारली होती, त्याच्या दारात मी मर्तिकाचा बाजा आणला होता.

आबांनी विचारले, "समद्यास्नी वाजिवत्यात?"

"समद्यास्नी."

"तकडं बी? परमुलखात?"

मास्तरांनी कणा ताठ केला. मग हुकूम दिल्यासारखे म्हणाले, "व्हय. बँड आसंल तितं बँड, न्हाई तितं बिगुल. न वाजवता न्हेत न्हाईत."

हे खरे होते का, मला ठाऊक नाही. डोंगरात, गोळ्या चालू असताना, कोण कुणासाठी काय वाजवणार? पुढे कित्येक वर्षे आम्ही शेजारी राहिलो, पण मी मास्तरांना ते कधी विचारले नाही.

आबांनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "पुन्यांदा वाजवा. पोराचं ऱ्हायलं हुतं."

मास्तरांनी पुन्हा मान हलवली. पेन्शनर पुन्हा ताठ झाले. आबा कधी पलटणीत नव्हते, त्यांनी पेन्शनरांकडे बघून हात सरळ केले, टाचा जुळवल्या आणि मान वर केली. ढोलाची एक थाप, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. माझ्या शेजारी शालू थरथरत होता. मी दुःखाचा जाणकार, मला त्या वेळी काय करावे हे कळले नाही. मीही हात सरळ केले.

चाल संपल्यावर आबा म्हणाले, "झालं." आणि गाडीवानाला हात केला.

गाडी स्टेशनच्या वाटेला लागली तेव्हा बायको माझ्याशी पहिले वाक्य बोलली. "ह्ये तेवडं लिवू नगा," ती म्हणाली. "मला आबास्नी वाचून दावाय लागंल."

मी लिहिले नाही. पुढे पुष्कळ गोष्टी लिहिल्या, बऱ्याचशा पंगतीपाशी संपलेल्या, आणि टीकाकारांनी त्यांना अर्धवट म्हटले. आता मास्तर गेले, आबाही गेले. ज्याला वाचून दाखवायचे तोच राहिला नाही, म्हणून हे लिहिले आणि बायकोकडे दिले.

तिने माजघरात बसून मोठ्याने वाचले, आबांना वाचून दाखवी तसे. "पुन्यांदा वाजवा"पाशी तिने बोट ठेवले. चष्मा काढून पुसला आणि पुढे शेवटपर्यंत वाचले. मग कागद माझ्या हातात देत म्हणाली, "बरं झालं. मला तरी जिती ठिवलीसा."