तोंड उघडून दाखवा!

तपासलेली स्लाइड डब्यात जाते. किस्से कुठं ठेवायचे, बाप्पा? ते डोक्यातच साचत जातात.

हत्तीपायावर दोन औषधं एकत्र द्यावी की तीन, हे तपासायला आमची टीम आलापल्लीकडच्या एका गावात गेली होती. मी लॅब टेक्निशियन. कोणत्या घराला दोन अन् कोणत्या घराला तीन, हे चिठ्ठ्या टाकून ठरे.

गावातले मारोतीभाऊ पहिल्याच दिवशी भडकले. "शेजाऱ्याले तीन, आमाले दोनच? आमी का सावत्र हाओत?" डॉक्टर मॅडमनी अर्धा तास समजावलं. भाऊंनी मान डोलावली. "समजलं! मंग मी आजपासून शेजाऱ्याकडंच राह्यतो."

*

गोळी आमच्यासमोर गिळायची, मग तोंड उघडून दाखवायचं, हा नियम. एका आजीनं मोठा आ केला. मॅडम म्हणाल्या, "जीभ वर करा." आजी तडकली, "दात नाईत माये, लपवू कुठी?" अन् बोलता बोलता गोळी मॅडमच्या हातावर पडली!

*

गावच्या आशा कार्यकर्त्या सुशीलाबाई. त्यांचा उजवा पाय हत्तीपायानं कधीचाच सुजलेला. त्यांच्या पंधरा वर्षांच्या पोरीच्या, पल्लवीच्या, रक्तात त्याचेच जंतू निघाले. ताज्या थेंबात वळवळणारे जंतू मी बाईंना मायक्रोस्कोपखाली दाखवले. त्या एवढंच बोलल्या, "माया पायासारखा होईन का तिचा?"

*

डोस दिला त्याच संध्याकाळी गाव तापलं. पल्लवी तर फणफणली. शाळेसमोर लोक जमले, पुढं मारोतीभाऊ, हातात काठी. "पोरीले काई झालं तं तुमची गाडी जाऊ देनार नाई!"

मॅडम ओरडून सांगत होत्या, जंतू मरतात म्हणून ताप येतो. ऐकतो कोण?

सुशीलाबाई पोरीला मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. "ताप माया पोरीले हाय. ती उठली नाई तं पयली काठी मीच मारीन. तवर कोनी हात लावाचा नाई!"

पहाटे पल्लवीनं चहा मागितला. मारोतीभाऊंनी काठी भिंतीला टेकवली अन् मॅडमजवळ आले. "मले ताप काऊन नाई आला? माया गोळ्या खोट्या होत्या का?"

*

वर्षानं पुन्हा रक्त घेतलं. पल्लवीची स्लाइड लावली. काही नाही! "पुन्हा पाहा," सुशीलाबाई म्हणाल्या. तीनदा पाहिली. मग त्यांनी स्वतः डोळा लावला, बराच वेळ.

खाली बसून त्यांनी आपल्या सुजल्या पायावरून हात फिरवला.

"म्हंजे आमच्या घरातला हा शेवटचा!"