बाळंतिणीच्या लाल गोळ्या

हल्ली प्रयोगशाळेत जंतूंच्या थरावर औषधाच्या चकत्या ठेवतात आणि कोणते जंतू कशाला दाद देत नाहीत ते दुसऱ्या दिवशी सांगतात. महाडच्या माझ्या दवाखान्यात तेव्हा एक सूक्ष्मदर्शक, खिडकीतला उजेड आणि जंतू रंगवायच्या निळ्या रंगाची बाटली होती. बाकी सगळा अंदाजच.

कापडे गावची एक बाळंतीण तापाने फणफणली होती. तिच्या स्रावात जंतूंच्या माळाच माळा दिसल्या. या तापातून उठलेली बाई मी क्वचितच पाहिली होती. पण नुकत्याच लाल गोळ्या निघाल्या होत्या. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता, त्याला निरोप धाडला. तो गोळ्यांची बाटली घेऊन घरी आला. पुढे मी कापड्याला जाऊन पुन्हा स्राव आणला, तर माळा तशाच, उलट जास्त दाट. मी वैतागलो. हे जंतू निगरगट्ट, औषधालाही जुमानत नाहीत, असं ठरवून मी हात टेकायच्या बेतात होतो.

तेवढ्यात तिचा सासरा घाबराघुबरा दवाखान्यात आला. त्याला लाल लघवी होत होती, म्हातारीलाही, मुलालाही. त्या गोळ्यांनी तसं होतं, हे मला ठाऊक होतं. सुनेचं काय, मी विचारलं. तिची नेहमीसारखीच, तो म्हणाला.

मुंबईहून काहीही आलं की सासूने ते घरात सगळ्यांना वाटायचं, सुनेला शेवटी, ही त्या घरची रीत. खाऊ तसंच औषध. तिच्या वाट्याला एक गोळी आली होती.

"येवढं भारी औषद," म्हातारा म्हणाला, "येकटीनं कसं खावं, डाक्टर?"

मी इतका ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबली. पण खरं सांगायचं तर मला आनंदही झाला होता. जंतू निगरगट्ट नव्हतेच, औषध त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. तिला डोलीतून महाडला आणवलं आणि नवऱ्याला पुन्हा मुंबईला पिटाळलं. शुद्धीवर असली की ती बाटली आली का, म्हणून विचारायची. मग विचारेनाशी झाली.

नवरा बोटीवरून उतरला तो थेट दवाखान्यात आला. सदऱ्याच्या आतून बाटली काढून त्याने माझ्यासमोर ठेवली. बूच तसंच होतं.

"ह्या टायमाला कुनाला येक पन दिली नाय, डाक्टर," तो म्हणाला. "आयेला दाखवली पन नाय."

आदल्या संध्याकाळीच तिला सावित्री नदीच्या काठावर स्मशानात नेलं होतं. ते मलाच त्याला सांगावं लागलं.