मधल्या बांधाचं कोडं

लढाईवरून परतलेल्या माझ्या वडिलांनी, आबांनी, मला शाळेतून काढायचं ठरवलं, तेव्हा मी नुकतीच चौथी पास झाले होते. पलूसच्या बाजूला आमचं गाव. मुलीला चौथी म्हणजे चैनच, असं आबांचं मत.

आमचे मास्तर गणित अंगणात शिकवत. जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारायचे आणि आम्हाला त्यांवरून चालायला लावायचे. अट अशी, की प्रत्येक रेघेवरून एकदाच जायचं. चाललेल्या रेघेवर चिंचोका टाकायचा, म्हणजे कुणाला लबाडी करता येत नसे. चिंचोके मास्तरांनी आणले ते माझ्यामुळेच. सतरा वेळा चुकल्यावर मला उमगलं, की जिथं तीन किंवा पाच रेघा मिळतात तिथूनच निघायचं आणि तशाच दुसऱ्या ठिकाणी थांबायचं. अशी ठिकाणं दोनाहून जास्त असली तर नाद सोडायचा.

आबा नाव काढायला आले. मास्तर म्हणाले, "काढतो. पण आधी तिला एक कोडं घाला."

आबा मिशीत हसले. "आपलं रान. भवतीनं चार बांध, मधनं एक. रोज फिरतो, पर मधल्यावरनं दोनदा जावं लागतंय. चुकवायचं कसं, सांग."

मी फक्कीनं रान काढलं. चुकले असते तर उद्यापासून शेण-गोठा. "आबा, तुमी सुरू कुठनं करता?"

"म्हसोबाच्या कोपऱ्यावरनं. आनि कुठनं?"

त्याला हात जोडल्याशिवाय आमच्याकडं कुणी रानात पाऊल टाकत नसे.

"तिथं दोनच बांध मिळत्यात. मधल्या बांधाच्या टोकाला तीन मिळत्यात. तिथनं निघा."

मी चालून दाखवलं. शेवटचा चिंचोका टाकला तेव्हा मी मधल्या बांधाच्या दुसऱ्या टोकाशी उभी होते. नाव न काढताच आबा घरी गेले.

पुढं मीही मास्तरीण झाले आणि पोरांना चिंचोके वाटले. मास्तरांचे उपकार मी विसरले नाही. पण आबांचे त्याहून मोठे वाटतात, ते दुसऱ्या सकाळमुळे.

त्या सकाळी मी न्याहारी घेऊन रानात गेले. आबा मधल्या बांधाच्या टोकाला उभे होते. लांबूनच म्हसोबाकडं तोंड करून त्यांनी हात जोडले.

"देवा, पोरीनं हितनं निघायला सांगितलंय," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघताच, "भाकरी ठेव तितं. साळंची येळ झाली."