मनकर्णाबाईच्या भिंती

मनकर्णाबाईसारखी भिंत गोंडपिपरीच्या बाजूला कुणी सारवत नसे. तलावाकाठची पांढरी माती भिजवून ती असा पोतारा द्यायची की भिंतीवरून हात फिरवावासा वाटे. नवरा लटारू तलावात मासे धरायचा. एकुलती एक लेक कुंता, ब्रह्मपुरीकडे दिलेली.

सन पंचावन्नच्या आषाढात मी हिवतापाच्या फवारणीवर त्या गावात गेलो. घरोघरी भिंतींवर डीडीटी मारली. डास चावून झाला की भिंतीवर विसावतो आणि तिथं औषध लागून मरतो, म्हणून दिवाळीपर्यंत भिंती सारवू नका, हे मी चावडीवर चांगलं समजावून सांगितलं. लटारूसकट सगळे पुरुष माना डोलवत होते. बायका धानाच्या रोवणीला गेल्या होत्या. त्यांच्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबायचा मला कंटाळा आला. सारवण पुरुष करतात की बायका, एवढंही डोक्यात येऊ नये? गाढव होतो मी, दुसरं काय!

श्रावणात कुंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. लेक येणार म्हणून मनकर्णाबाईनं औषधाचे ओघळ उठलेल्या भिंती हौसेनं दोनदा पोतारल्या होत्या. लटारूनं तिला अडवलं नाही. भादव्यात कुंताला हुडहुडी भरली. बैलगाडी दवाखान्यापर्यंत पोचायच्या आतच ती गेली, पोटातल्या बाळासकट.

चांद्याहून साहेब पाहणीला आले. त्यांनी नखानं भिंत खरवडली आणि मला विचारलं, "यांना सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं साहेब. या बायका ऐकतच नाहीत," मी म्हणालो. नोकरी नवी होती, ती जाईल म्हणून घाबरलो होतो.

मनकर्णाबाई दारातच बसली होती. "भाऊ, मले सांगितलं होतं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. आपणच विसरलो की काय, असं तिला वाटत असावं.

लटारू खाली मान घालून उभा होता. मी म्हणालो, "हो."

"मंग मीनंच मारलं जी माह्या पोरीले," ती म्हणाली.

पुढं मी प्रत्येक गावात आधी बायकांना गाठून सांगू लागलो. त्या गावाला जायचं मात्र टाळत राहिलो. मनकर्णाबाई त्यानंतर अकरा वर्षं जगली. गाव एका दिवसाच्या वाटेवर होतं. "बाई, तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं," एवढंच जाऊन बोलायचं होतं, आणि ते मला कधी जमलं नाही.