बुंदीसाठी वर केलेला हात

गावातल्या समद्यांचे आवाज मला काढता येतात. सरपंच नाकातून बोलतो, गंगाखेडच्या गाडीचा कंडक्टर गालात गुटखा धरून. ग्रामसेवकाचा आवाज तर माझा लय फेमस होता. एकेक शब्द तुपात बुडवून काढल्यावानी, "बसा बसा, सावकाश जेवा." आता त्यो मी काढत न्हाई. काढला की चूळ भरावी वाटती.

आमचं गाव गोदावरीच्या काठाला. पूर ओसरला की माझी काकू नदीच्या वाळूत खड्डे घेती, शेणखत टाकून टरबुजं लावती. त्याच्यावरच तिचं साल निघतं. दुसरी जमीन न्हाई.

गेल्या साली वाळूच्या ठेकेदारानं मारुतीच्या देवळात पंगत दिली. ह्याला एकदम देव कसा आठवला, असं आमी म्हणलो. पण बुंदी होती, गेलो.

आमच्याकडं पंगतीत कोणी मागत न्हाई. वाढपी आग्रह करत येतो, नको असलं की पत्रावळीवर हात आडवा धरायचा. त्या दिवशी ग्रामसेवकच पंगतीच्या तोंडाला उभा राहिला.

"बुंदी कुणाकुणाला पाहिजे? लाजू नका, हात वर करा."

काकूनं केला. मी तर दोनी केले, वरातीत नाचल्यावानी. समदे हसले. सरपंचाच्या पोरानं मोबाईलवर फोटू काढला.

टरबुजाला फुलं लागली अन् नदीत वाळू उपसायचं पोकलेन उतरलं. काकू तहसीलला गेली, मी संगं. तिथल्या साहेबानं मोबाईल आमच्याकडं फिरवला.

"मावशी, वाळू काढायला ग्रामसभेची मंजुरी हाय. हे बघा, हात वर. ह्या तुमीच ना?"

फोटूतून खालच्या पत्रावळ्या कापून टाकल्या होत्या. नुसती तोंडं अन् हात.

"आमी जेवायलो होतो, साहेब," काकू म्हणली.

"सभा झाल्यावर जेवण असतंयच की," म्हणून त्यानं चहाची बशी तोंडाला लावली. लावली म्हणजे भुरके मारले.

बाहेर आल्यावर काकू म्हणली, "साखर बी कमीच होती मेल्याच्या बुंदीत."

वेल गेले. नदीत आता डबकी हायत, वर डिझेलचा तवंग, कडंला फुगलेलं मेलेलं कुत्रं. काकूचा नवरा, माझा काका, ठेकेदाराच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झाला. अन् ग्रामसेवक भेटला की दात काढून म्हणतो, "काय रे, आमची नक्कल बंद केली का?"

औंदा ठेका वाढवायचा होता. परत मारुती, परत पंगत. काकू यायची न्हाई असं वाटलं होतं, पण आली. वाढायच्या आधीच पत्रावळीवर हात आडवा ठेवून बसली.

"काकू, भात तरी घ्या," वाढपी म्हणला.

"पुढं जा."

ग्रामसेवक उभा राहिला. तेच तूप. "बुंदी कुणाकुणाला?" मागं सरपंचाचं पोरगं मोबाईल धरून.

बायांच्या पंगतीत एक बी हात न्हाई. बाप्यांच्या पंगतीत एक हात वर गेला, काकाचा. मग त्याच्या बाजूचा, मग लय.

काकू नवऱ्याच्या हाताकडं बघत राहिली. मग उठली, आपली कोरी पत्रावळ उचलली अन् मोबाईलच्या पुढं नेऊन धरली.

"काढ आता. पत्रावळ येऊ दे फोटूत."

पोरगं दोन पावलं बाजूला सरकलं अन् तिकडून काढला.